जर्मनीतला दुसरा हिवाळा आणि घरी न सांगितलेला निकाल

वाचकाचं पत्र

मी २५ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एम.एस्सी.साठी पूर्व जर्मनीतल्या एका शहरात आले. मूळची सांगली जिल्ह्यातली, इंजिनिअरिंग पुण्यात झालं, कायम पहिल्या पाचात असायचे. इथे दोन सेमिस्टर संपली तरी साठपैकी २४ क्रेडिट्सच झालेत. एका अनिवार्य विषयात दोनदा नापास झाले, तिसरा प्रयत्न फेब्रुवारीत आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले खर्चाचे, पैसे संपले म्हणून पार्सलच्या गोदामात आठवड्याला तीन रात्री काम करते, दहा ते सहा. झोपायला सकाळचे आठ वाजतात, उठेपर्यंत दुपारचे दोन. चारला अंधार पडतो. लेक्चर्स जवळजवळ सुटलीच आहेत. फ्लॅटमध्ये आम्ही चार भारतीय मुली आहोत. बाकी तिघींचं सुरळीत चाललंय, त्यामुळे त्यांच्याशी यातलं काही बोलत नाही. आईबाबांशी रोज व्हिडिओ कॉल होतो, पण नापास झाल्याचं सांगितलेलं नाही. बाबांनी घर तारण ठेवून २५ लाखांचं कर्ज काढलंय. सीनियर म्हणतात, सहा महिन्यांत सगळ्यांचंच बसतं, तू भारतीयांतच राहतेस म्हणून तुझं बसत नाही. मला तर तेरा महिने झाले. दिवाळीला घरी सगळे जमले होते. कॉलवर हसले आणि नंतर तासभर रडले. कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. मी परत यावं का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

परत यावं का, या प्रश्नाआधी त्याच्या अलीकडच्या वाक्यावर थांबायला हवं. ‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ हे तू शेवटी, जाता जाता लिहिलंयस. आम्ही ते सगळ्यात आधी वाचलं. असा विचार येतो म्हणजे तू दुबळी आहेस असं नाही. महिनोन्महिने झोप आणि उजेड नसेल आणि मनातलं बोलायला कोणी नसेल, तर मन तिथपर्यंत जातं. पण तो येतो हे एका माणसाला आजच सांगायचं. फ्लॅटमधल्या तिघींपैकी जिच्याशी त्यातल्या त्यात मोकळेपणा आहे तिला एवढंच म्हण, ‘माझं बरं चाललेलं नाही, मला वाईट विचार येतात, डॉक्टरकडे जाताना तू सोबत ये.’ बाकीचा खुलासा नंतर केला तरी चालेल.

हा विचार कधी ‘कसं’ आणि ‘केव्हा’पर्यंत गेला, तर त्या क्षणी ११२ लाव, किंवा मैत्रिणीला घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मनोविकाराची आणीबाणी तिथे रात्रीसुद्धा बघतात. ११२ वर इंग्रजीत बोललीस तरी चालतं. जिवावर बेतलेलं नाही पण डॉक्टर आत्ता हवाय, अशा वेळी ११६११७. नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असेल तर टेलेफोनझेलझोर्गे या सेवेचे ०८०० १११ ० १११ आणि ०८०० १११ ० २२२ हे दोन क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहेत. तिथे बहुतेकदा जर्मन बोलतात, म्हणून इंग्रजी चालेल का हे पहिल्याच वाक्यात विचार. हे चारही क्रमांक आज फोनमध्ये साठवून ठेव.

त्याच आठवड्यात दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या. पहिली हाउसआर्त्स्टची, म्हणजे घराजवळच्या जनरल डॉक्टरची. झोप, भूक, रडू येणं, मरणाचे विचार हे सगळं त्यांना स्पष्ट सांग. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हेही विचार. यातलं काही कमी असलं की थकवा आणि उदासी दोन्ही वाढतात, आणि शाकाहारी मुलींमध्ये बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे. दुसरी अपॉइंटमेंट श्टुडिरेन्डेनवेर्कच्या मानसिक समुपदेशन केंद्राची. वसतिगृहं आणि मेन्झा, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ, चालवणारी तीच ही संस्था. तिथलं समुपदेशन विद्यार्थ्यांना सहसा मोफत असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही मिळतं. तिथे बोललेलं विद्यापीठाला, व्हिसा कार्यालयाला किंवा घरी कळवलं जात नाही. ही शंका आपल्या मुलांच्या मनात फार असते आणि तिच्यापायी ती वर्ष वर्ष जात नाहीत. अडचण एकच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे गर्दी असते आणि थांबावं लागतं. त्यामुळे मेलमध्ये ‘मला अभ्यासाचा ताण आहे’ असं गुळमुळीत लिहू नकोस. झोप उलटी झालीय, तिसरा प्रयत्न फेब्रुवारीत आहे आणि मरणाचे विचार येतात, हे तिन्ही लिही. तातडी कळली की लवकरची वेळ काढतात. तुझा विमा सरकारी पद्धतीचा असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट आणि पुढची थेरपी त्यातच बसते. ती पहिली भेट ११६११७ मार्फत ठरवता येते.

आता तुझे सीनियर. ते चांगल्या मनाने सांगतायत, पण सहा महिन्यांचं ते गणित चुकीचं आहे. ‘कल्चर शॉक’ची कल्पना लोकांपर्यंत नेली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने, १९५४ मध्ये रिओ द जानेरोत दिलेल्या भाषणातून. आधी नवलाई, मग वैताग, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं, असे टप्पे त्याने मांडले. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास छापला. त्यात सर्वांत कमी रुळलेले कोण निघाले, तर ६ ते १८ महिने राहिलेले. म्हणजे जिथे तुझे सीनियर त्रासाचा शेवट सांगतात, तिथे त्या जुन्या अभ्यासात त्रासाची सुरुवात होती. आणि तो अभ्यासही एकदाच विचारून केलेला होता. पुढे १९९० च्या दशकात कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तेच तेच विद्यार्थी महिनोन्महिने बघितले, तेव्हा बऱ्याच जणांना सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीला झालेला दिसला. तेव्हा सगळ्यांना लागू पडणारा कालावधी असा नाहीच. तेरा महिने झाले म्हणून तू मागे पडलेली नाहीस, आणि नुसती वाट बघितली म्हणून हे सरणारही नाही. तुझ्या त्रासात संस्कृतीचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग परीक्षेचे नियम, रात्रपाळी आणि घरापासून लपवलेला निकाल यांचा आहे. या तिन्हींना हात घालता येतो.

परीक्षेपासून सुरुवात कर, कारण तिथे तारखा आहेत.

आज तुझ्या अभ्यासक्रमाची प्र्यूफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे परीक्षेची नियमावली, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. जर्मनमध्ये असली तर भाषांतर करून वाच, पण वाच स्वतः. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून चालणार नाही, कारण नियम राज्याराज्यात आणि विभागाविभागात बदलतात. चार गोष्टी त्यात शोधायच्या. एकूण प्रयत्न किती. तिसरा प्रयत्न पुढच्याच परीक्षेत द्यावा लागतो की लांबवता येतो. नाव नोंदवायची आणि मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती. आणि शेवटच्या प्रयत्नाला तोंडी परीक्षेची सोय आहे का. बऱ्याच ठिकाणी तीनच प्रयत्न असतात. अनिवार्य विषयात तिसराही गेला की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात घेण्याची वाटही सहसा बंद होते. आपल्याकडचा बॅकलॉग पुन्हा पुन्हा देता येतो, त्या सवयीने इथे दुसरा प्रयत्न ‘बघू तरी पेपर कसा येतो’ म्हणून दिला जातो. भारतीय विद्यार्थ्यांचं सर्वात महागडं नुकसान तिथे होतं.

काय वाचलंस ते घेऊन प्र्यूफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षा विभागात, जा आणि तुझ्या नावापुढे नेमकं काय लागू होतं ते लेखी विचार. मेलला आलेलं उत्तर जपून ठेव.

आजारपणाचा नियम नीट समजून घे, कारण त्यात मुलं फसतात. परीक्षेच्या दिवशी खरोखर देण्याच्या अवस्थेत नसलीस, तर त्याच दिवशी किंवा आधी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्यायचा आणि तो विनाविलंब परीक्षा विभागात पोचवायचा. मुदत अनेक ठिकाणी जेमतेम तीन दिवसांची असते. काही विद्यापीठांचा स्वतःचा फॉर्म असतो, कामावरच्या सुट्टीची साधी चिठ्ठी तिथे चालत नाही. एकदा हॉलमध्ये बसून पेपर दिला की ‘मी आजारी होते’ हे सहसा ऐकलं जात नाही, प्रयत्न खर्ची पडतो. आणि नाव नोंदवून दाखल्याशिवाय गैरहजर राहिलीस तर ते नापासच. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं आणि ते लांबलेलं असेल, तर परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी खोली मागण्याचीही सोय असते. नाखटाइल्सआउसग्लाइश असं तिचं नाव. अर्ज बराच आधी करावा लागतो.

आता खुद्द विषय. पुण्यात पहिल्या पाचात असलेली मुलगी इथे दोनदा का आपटते? बहुतेक वेळा कारण हुशारीचं नसतं. आपल्याकडे सेमिस्टरभर इंटर्नल, सबमिशन, ओरल असे गुण जमत जातात, पेपरात ‘सहापैकी कोणतेही चार’ अशी सवड असते आणि समजावून लिहिलेल्या उत्तराला गुण मिळतात. इथे अनेक विषयांत शेवटचा एकच पेपर म्हणजे शंभर टक्के गुण. पर्याय नाही, सगळे प्रश्न सोडवायचे, आणि ९० किंवा १२० मिनिटांत हात थांबता कामा नये. लेक्चरला हजेरी नाही म्हणून कुणी हटकत नाही, त्यामुळे मागे पडल्याचं जानेवारीपर्यंत कळतही नाही. पेपर मात्र बांधलेला असतो तो युबुंगमधल्या उदाहरणांवर, म्हणजे लेक्चरला जोडून होणाऱ्या सरावाच्या तासांवर. तुला सगळं जमणार नसेल तर लेक्चर सोड, पण युबुंग सोडू नकोस.

या आठवड्यात त्या विषयाच्या विभागाला मेल करून जुना पेपर बघायची वेळ माग. आइनझिश्ट म्हणतात त्याला. निकालानंतर ठरलेला दिवस उलटून गेला असेल तरी कारण सांगून विचारायला हरकत नाही. विद्यार्थी ओळखपत्र, कागद आणि पेन ने. फोटो बहुधा काढू देत नाहीत. गुण वाढवून घ्यायला तू जात नाहीयेस, गुण कुठे गेले ते टिपायला जातेयस. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तीनपैकी एक खूण कर. येतच नव्हतं, येत होतं पण वेळ पुरला नाही, किंवा प्रश्न चुकीचा वाचला अथवा पायऱ्या लिहिल्या नाहीत. पहिल्याला पुन्हा शिकणं लागतं, दुसऱ्याला घड्याळ लावून सराव, तिसऱ्याला उत्तर लिहायची पद्धत बदलणं. दोनदा नापास झालेली मुलं बहुतेकदा पहिलाच इलाज तिसऱ्यांदा करतात, पुन्हा सगळ्या स्लाइड्स वाचून काढतात, आणि गुण गेलेले असतात वेळेत.

जुने पेपर फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे मिळतात. किमान पाच घे. दोन आता, उघड्या पुस्तकाने. तीन जानेवारीत, खऱ्या वेळेत, फक्त परवानगी असलेल्या सूत्रांच्या कागदासह. प्राध्यापकांच्या श्प्रेखश्टुंडेला, म्हणजे भेटीच्या वेळेला, एकदा तरी जा. तिथे ‘सर, मला काहीच समजत नाही’ म्हटलंस तर दोन मिनिटांत भेट संपेल. ‘हे उदाहरण इथपर्यंत आलं, इथून पुढे अडलं’ असा कागद पुढे ठेवलास तर ते वीस मिनिटं बसवून शिकवतात. तिथली तुटक, मोजकी बोलण्याची रीत रागाची नसते. तसंच बोलतात.

आणि या सेमिस्टरला विषय कमी कर. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात. तीस क्रेडिट्स घेतलीस तर ७५० ते ९०० तास झाले. आठवड्याला चोवीस तास गोदामात काम करून ते होणं शक्यच नाही, कुणालाही. तिसऱ्या प्रयत्नाचा विषय आणि जास्तीत जास्त आणखी दोन, बस. त्या एका विषयाला आठवड्याला दहा तास ठेव. फेब्रुवारीपर्यंत साधारण बारा आठवडे, म्हणजे १२० तास मिळतात आणि ते पुरतात.

आता ते तास कुठून येणार? तुझ्या नोकरीचा हिशेब आम्ही मांडून बघितला. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला २४ तास म्हणजे महिन्याला जवळपास १०४ तास, आणि कपातीआधी साधारण १,४४५ युरो. ब्लॉक्ड अकाउंटसाठी जर्मन सरकार महिन्याचा खर्च ९९२ युरो धरतं, आणि पूर्वेकडच्या बऱ्याच शहरांत भाडं कमी असल्याने त्यात भागतं. कपात धरूनही तू गरजेपेक्षा जास्त कमावतेयस. आमचा अंदाज आहे की बाबांना न सांगता तू कर्जासाठी पैसे बाजूला टाकतेयस. भावना आम्हाला कळते. पण ते वाचवलेले युरो तू तिसऱ्या प्रयत्नाच्या तासांतून काढतेयस. तो प्रयत्न गेला तर जे बुडेल ते पूर्ण कर्ज आहे.

शिवाय कायद्याची बाजू आहे. १ मार्च २०२४ पासून तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आठवड्याला तीन पूर्ण पाळ्या वर्षभर केल्यास १५६ दिवस होतात. मर्यादा ओलांडली तर त्रास व्हिसाला होतो. मध्यरात्र ओलांडणारी पाळी कशी मोजतात आणि तुझे किती दिवस झालेत, हे श्टुडिरेन्डेनवेर्कच्या सामाजिक सल्ला केंद्रात विचार. तेही मोफत असतं.

आमचं सांगणं असं की तीनऐवजी दोन पाळ्या कर आणि दोन्ही दिवसाच्या माग. शनिवार-रविवारी मिळाल्या तर उत्तम. रात्रीचा जादा भत्ता जाईल, जाऊ दे. दोन पाळ्यांत कपातीआधी महिन्याला ९६० युरोंच्या आसपास येतात आणि वर्षाचे १०४ दिवस होतात. गोदामवाल्यांनी दिवसपाळी नाकारली तर विभागात हिवीचं, म्हणजे विद्यार्थी सहायकाचं काम शोध. पैसे तेवढेच, पण विद्यापीठातलं असं काम त्या १४० दिवसांत मोजलं जात नाही आणि विभागातली माणसं ओळखीची होतात. मधल्या महिन्यात फारच ओढाताण झाली तर चर्चशी जोडलेल्या विद्यार्थी संघटना, एव्हांगेलिशे श्टुडिरेन्डेनगेमाइन्डेसारख्या, धर्म न विचारता अडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना एकरकमी मदत देतात. कागदपत्रं लागतात, लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

रात्रपाळी थांबली की झोप सरकवता येते. एका रात्रीत दोनची आठ करायला जाऊ नकोस, तिसऱ्या दिवशी पुन्हा घसरशील. उठायची वेळ रोज अर्धा तास अलीकडे आण. दुपारी दोनवरून सकाळी आठवर यायला बारा दिवस लागतील. झोपायची वेळ आपोआप मागे येते, तिच्यामागे लागू नकोस. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. डुलकी घ्यायचीच तर वीस मिनिटं, तीनच्या आत.

सकाळच्या उजेडाचं महत्त्व आपल्या मुलांना पटत नाही, कारण उजेडाचा दुष्काळ आपण पाहिलेला नसतो. सांगलीत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. तुझ्या शहरात तो जेमतेम आठ तासांचा, त्यातही ढग. तू दोनला उठतेस म्हणजे तुझ्या वाट्याला दोन तास येतात. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, तो मिळाला नाही की झोप, भूक आणि मन तिन्ही विस्कटतात. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चाल. ढगाळ आकाशाखालीसुद्धा खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट उजेड असतो. बाहेर पडणं जमलंच नाही तर १०,००० लक्सचा प्रकाशदिवा सकाळी २० ते ३० मिनिटं, समोर थोडा बाजूला ठेवून. संध्याकाळी लावायचा नाही, झोप उलट लांबते. डोळ्यांचा आजार असेल किंवा घरात कुणाला बायपोलर हा मनोविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचार. ड जीवनसत्त्वासाठी जर्मनीतली शिफारस, ऊन मिळत नसताना, दिवसाला ८०० युनिटची आहे. भारतातून आणलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या मनानेच दर आठवड्याला घेत राहू नकोस. तपासणी कर आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घे.

आता घर.

परदेशी विद्यार्थ्यांवरचा ताण मोजण्यासाठी सांधू आणि असराबादी या संशोधकांनी १९९४ मध्ये ३६ विधानांची एक प्रश्नावली केली. त्यात घरची ओढ आणि अपराधीपणा हे दोन वेगवेगळे भाग धरले आहेत. तुझ्या पत्रात दोन्ही आहेत, पण तुला पोखरतोय तो दुसरा. रोजच्या कॉलने घरची ओढ थोडी भागते. पण रोज ‘छान चाललंय’ म्हणावं लागल्याने अपराधीपणा रोज वाढतो. म्हणून दिवाळीच्या कॉलनंतर तू तासभर रडलीस.

निकाल सांगायचा, आणि फेब्रुवारीच्या आधी सांगायचा. तिसरा प्रयत्न गेल्यावर एकदम सांगितलंस तर दोन्ही दुःखं एकाच दिवशी त्यांच्यावर कोसळतील, आणि वर्षभर लपवलं याचं तिसरं. पण आधी परीक्षा विभागाचं उत्तर, कमी केलेली पाळी आणि डॉक्टरची तारीख हातात येऊ दे. त्याला आठ-दहा दिवस पुरतात. काहीच हातात नसताना सांगितलंस तर बोलणं रडण्यावर थांबेल, आणि आईबाबा रात्रभर जागून नातेवाईकांना फोन करत बसतील. रविवारची सकाळ निवड. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तुझे साडेनऊ म्हणजे तिकडे दुपारचे दोन, जेवणं आटोपलेली. रात्री झोपायच्या वेळी असं काही सांगू नये. आईला आदल्या दिवशी एवढंच कळव की ‘उद्या तुम्हा दोघांशी अभ्यासाचं बोलायचंय, मी ठीक आहे, मावशी-काका कुणी नकोत.’

आणि मग सरळ बोल. ‘बाबा, एका विषयात मी दोनदा नापास झालेय. फेब्रुवारीत शेवटची संधी आहे. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, ते चुकलं. रात्रीचं काम बंद केलंय, विषय कमी केलेत, डॉक्टरलाही भेटतेय. कोर्स निदान एक सेमिस्टर लांबेल.’ यानंतर गप्प बस. बाबा चिडतील किंवा काहीच बोलणार नाहीत. आई ‘परत ये’ म्हणेल. त्या दिवशी त्यांचं समाधान करायची जबाबदारी तुझी नाही. ‘बुधवारी पुन्हा बोलू’ म्हण आणि बुधवारी खरंच बोल. नंतर रोजचा कॉल आठवड्याला तीनवर आणलास तरी चालेल. ‘जेवलीस का?’ला ‘हो’ एवढंच न म्हणता दिवसातली एक खरी अडचण सांगायला लाग, छोटी का असेना. आईबाबांनाच फार ताण आला तर टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर त्यांना मराठीत बोलता येईल. तो भारतातून लागतो.

कर्जाचं आकड्यांत सांगितलेलं बाबांना जास्त झेपेल. पूर्ण २५ लाख उचललेत आणि व्याज साडेदहा टक्के आहे असं धरलं, तर एक सेमिस्टर लांबल्याने सरळव्याजाने साधारण १ लाख ३१ हजार वाढतात. रक्कम लहान नाही, पण घर जाण्याएवढीही नाही. हप्ते सहसा कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षाने सुरू होतात. कोर्स लांबला तर बँक ती मुदत पुढे ढकलू शकते, पण त्यासाठी विद्यापीठाचं पत्र जोडून मूळ मुदत संपायच्या आत अर्ज द्यावा लागतो. शाखेत तोंडी सांगून भागत नाही, पोच घ्यायला सांग.

‘भारतीयांत राहतेस म्हणून’ हा सल्ला मात्र मनातून काढून टाक. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने स्थलांतरितांवर दीर्घकाळ काम केलं. आपलं धरून ठेवत तिथल्या लोकांशीही संबंध जोडणाऱ्यांचं साधारणपणे सर्वात बरं चालतं, असं त्यात दिसलं. आपलं सोडून देणं हा त्यातला मार्ग नव्हता. वरणभात, मराठी गप्पा, गणपतीला जमणारी मंडळी हा तुझा आधार आहे, तो सोडू नकोस. तुझ्या फ्लॅटमधली अडचण वेगळी आहे, चौघीही एकमेकींना फक्त बरं तेवढंच दाखवताय. तू बोललीस की बाकीच्या तिघींतली कुणीतरी बोलेल. जर्मनीत भारतीय हा आता परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट आहे, २०२३-२४ मध्येच आपण ४९ हजारांच्या पुढे गेलो. यात रुतलेल्या मुली तुझ्या मजल्यावरही असतील.

जोडीला बाहेरचं एकच ठिकाण घे, आठवड्याला ठरलेल्या वेळी. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात, आणि तिथे गप्पा मारता आल्या नाहीत तरी अवघडल्यासारखं होत नाही. बॅडमिंटन चालेल, योगा नको, तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. तेच चेहरे सात-आठ आठवडे दिसले की नमस्काराच्या पुढे गोष्ट जाते. जर्मन मुलं भेटीची वेळ दोन-दोन आठवडे आधी ठरवतात. ‘आज जमणार नाही’ याचा अर्थ ‘तू नकोस’ असा नसतो. दुसरी तारीख विचार.

आणि परत येण्याचं. आत्ता ठरवू नकोस, झोप उलटी असताना घेतलेला निर्णय तुझा नसतो, थकव्याचा असतो. फेब्रुवारीतली परीक्षा झाली की मार्चमध्ये वर्ग नसतात. तिकीट परवडत असेल तर तीन आठवडे घरी ये, निकाल काहीही लागो. डॉक्टर किंवा समुपदेशक त्याआधीच थांबायला म्हणाले, तर मात्र परीक्षेपेक्षा त्यांचं ऐक. आजारपणासाठी विद्यापीठ एक सेमिस्टर रजा देऊ शकतं, पण रजेचा अर्ज भरण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घे, कारण दोन्हींवर परिणाम होतो. तिसरा प्रयत्न गेलाच, तर जवळच्या दुसऱ्या अभ्यासक्रमात तुझी २४ क्रेडिट्स धरतात का, हे विभागाच्या श्टुडिएनबेराटुंगमध्ये, म्हणजे अभ्यास सल्लागाराकडे, आत्ताच विचारून ठेव. भारतात येऊन राहायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात असू दे. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं की निवास परवाना आपोआप रद्द होतो. जास्त राहावं लागणार असेल तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मुदतवाढ घे.